युरोपचे सामाईक परराष्ट्र धोरण आणि संसदेची छाननी : पार्श्वभूमी

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी युरोपीय संरक्षण समुदायाचा करार निकालात काढला, तेव्हा कराराच्या गुणदोषांवर मतदान झालेच नाही. हा विषय चर्चेला घेऊच नये, असा पूर्वप्रस्ताव मांडला गेला, तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी संमत झाला आणि जिंकलेल्या सदस्यांनी सभागृहात उभे राहून राष्ट्रगीत म्हटले. वास्तविक संयुक्त युरोपीय सैन्याची कल्पना १९५० मध्ये फ्रान्सचेच पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी पुढे आणली होती. २७ मे १९५२ रोजी सहा देशांनी करारावर सह्या केल्या आणि पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांच्या संसदांनी त्याला मान्यताही दिली होती. या कराराच्या अडतिसाव्या कलमात लोकशाही पद्धतीने निवडून येणाऱ्या युरोपीय सभेचा अभ्यास करण्याची तरतूद होती आणि तिच्या आधारे मार्च १९५३ मध्ये एका राजकीय समुदायाचा मसुदाही तयार झाला होता. सामाईक संरक्षणावर लोकनियुक्त देखरेख आणू पाहणारा करार असा एका लोकनियुक्त सभेनेच मोडीत काढला. पुढची सुमारे चाळीस वर्षे परराष्ट्र धोरण आणि संरक्षण या दोन विषयांत युरोपातील सरकारे संसदांपासून चार हात दूर राहूनच वागली, आणि त्याला १९५४ चा हा अनुभव मोठ्या प्रमाणात कारणीभूत होता असे मानायला जागा आहे.

करार पडल्यावर दोनच महिन्यांत, २३ ऑक्टोबर १९५४ रोजी, १९४८ च्या ब्रुसेल्स करारात दुरुस्ती करून वेस्टर्न युरोपियन युनियन ही संघटना उभी राहिली. त्या सहा देशांबरोबर ब्रिटनही तिच्यात होता. दुरुस्त कराराच्या नवव्या कलमानुसार संघटनेच्या परिषदेने आपल्या कामाचा, विशेषतः शस्त्रनियंत्रणाचा, वार्षिक अहवाल खासदारांच्या एका सभेला द्यायचा होता. ही सभा वेगळी निवडलेली नव्हती. युरोप परिषद या वेगळ्या आंतरसरकारी संघटनेच्या सल्लागार सभेवर गेलेले राष्ट्रीय खासदारच तिचे सदस्य होते. कलम जेमतेम एका वाक्याचे असल्याने १९५५ मध्ये पहिल्यांदा भरलेल्या सभेने आपली कार्यपद्धती स्वतःच ठरवून घेतली, समित्या नेमल्या, शिफारशी पाठवायला सुरुवात केली आणि परिषदेकडून लेखी उत्तरे मागितली. उत्तरे येत, पण ती बहुधा सावध आणि गोलमोल असत. नाटो असताना संरक्षणाचे खरे निर्णय या संघटनेत होतच नसल्याने सभेच्या हाती तपासण्यासारखे फारसे काही नव्हते. तरीही युरोपातील संरक्षणावर बोलण्याचा करारसिद्ध अधिकार असलेले खासदारांचे हे एकमेव व्यासपीठ होते आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

परराष्ट्र धोरणाची वाट निराळी होती. बेल्जियमचे मुत्सद्दी एतिएन दाविन्याँ यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल ऑक्टोबर १९७० मध्ये स्वीकारला गेला आणि युरोपीय राजकीय सहकार्य या नावाने सहा देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या नियमित बैठका सुरू झाल्या. या सहकार्याला कराराचा आधार नव्हता, स्वतःचे कार्यालय नव्हते आणि न्यायालयाचा त्याच्याशी संबंध नव्हता. युरोपीय संघाचा पूर्वावतार असलेला युरोपीय आर्थिक समुदाय आणि हे सहकार्य यांची सरमिसळ होऊ नये असा फ्रान्सचा आग्रह इतका टोकाचा होता की १९७३ मध्ये एकदा तेच मंत्री सकाळी राजकीय सहकार्यासाठी कोपनहेगनमध्ये भेटले आणि दुपारी समुदायाची परिषद म्हणून बसण्यासाठी विमानाने ब्रुसेल्सला गेले. संसदेच्या वाट्याला यातून जे आले ते माफक होते. युरोपीय संसदेच्या राजकीय समितीशी मंत्र्यांनी वर्षातून दोनदा अनौपचारिक बातचीत करावी असे १९७० मध्ये ठरले, आणि १९७३ च्या कोपनहेगन अहवालाने ती संख्या चार केली. त्या काळी युरोपीय संसदेचे सदस्य थेट निवडून येत नसत. पहिली थेट निवडणूक जून १९७९ मध्ये झाली आणि त्यानंतर या सदस्यांना बातचितीवर समाधान मानणे जड जाऊ लागले.

१९८६ च्या एकल युरोपीय कायदा या नावाच्या कराराने राजकीय सहकार्याला पहिल्यांदा कराराचा आधार दिला. मात्र खरे वळण मास्ट्रिख्ट येथे आले. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झालेल्या आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलात आलेल्या या करारात सामाईक परराष्ट्र व सुरक्षा धोरण हा युरोपीय संघाचा स्वतंत्र स्तंभ ठरला. मंत्र्यांच्या बैठकांचे अध्यक्षपद ज्याच्याकडे आळीपाळीने येते त्या देशाने धोरणाच्या मुख्य बाबींवर संसदेचा सल्ला घ्यावा, तिच्या मतांचा योग्य विचार होईल हे पाहावे, संसदेने प्रश्न विचारावेत, शिफारशी कराव्यात आणि वर्षातून एकदा चर्चा करावी, असे त्यात म्हटले होते. ही भाषा जवळपास जशीच्या तशी २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारातील छत्तिसाव्या कलमात आली. फरक एवढाच की चर्चा वर्षातून दोनदा झाली आणि माहिती देण्याची जबाबदारी उच्च प्रतिनिधीकडे, म्हणजे संघाच्या परराष्ट्र धोरणाच्या प्रमुखाकडे, गेली. जवळपास वीस वर्षांत कराराच्या शब्दांतून संसदेला मिळालेली बढती एवढीच. प्रत्यक्षात तिचे वजन यापेक्षा बरेच वाढले, पण ते आडवाटांनी.

पहिली आडवाट पैशाची होती. बोस्नियातील मोस्तार शहराचा कारभार जुलै १९९४ पासून युरोपीय संघाने चालवायला घेतला आणि ब्रेमेनचे माजी महापौर हान्स कोश्निक यांना तेथे प्रशासक नेमले. खर्चाचा काही भाग संघाच्या अर्थसंकल्पातून आणि काही सदस्य देशांच्या वर्गणीतून यायचा होता. वर्गण्या रखडल्या आणि अखेर अर्थसंकल्पाकडेच हात पसरावा लागला. अर्थसंकल्प मंजूर करण्यात युरोपीय संसदेचा निम्मा वाटा असल्याने पैसे मागायला येणाऱ्यांना ती आता प्रश्न विचारू शकत होती. जुलै १९९७ मध्ये संसद, सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद आणि संघाचा कारभार पाहणारा युरोपीय आयोग यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार या धोरणाखालील कृतींच्या अपेक्षित खर्चाची माहिती संसदेला देणे आवश्यक ठरले. ॲम्स्टरडॅम कराराने नागरी मोहिमांचा खर्च सर्वसाधारणपणे अर्थसंकल्पात आणला आणि लष्करी मोहिमांचा खर्च बाहेर ठेवला. याच रेषेमुळे पोलीस किंवा न्यायाधीश पाठवणाऱ्या मोहिमेवर संसदेची पकड बसली, तर सैनिक पाठवणाऱ्या मोहिमेवर ती बसली नाही.

लष्करी मोहिमांवरचा खराखुरा अंकुश असायचाच तर तो राष्ट्रीय संसदांकडे, आणि तोही देशागणिक वेगळा. डेन्मार्कमध्ये मंत्र्याने ब्रुसेल्सला जाण्यापूर्वी संसदेच्या युरोपविषयक समितीसमोर येऊन आपली भूमिका मांडायची आणि समितीत बहुमत विरोधात नसेल तरच ती घेऊन जायचे, ही पद्धत १९७३ मध्ये देश समुदायात सामील झाल्यापासूनची आहे. डॅनिश मतदारांनी २ जून १९९२ रोजी मास्ट्रिख्ट करार फेटाळल्यावर संरक्षणाच्या बाबतीत त्या देशाला सवलत देण्यात आली, आणि ती सवलत सोडण्यासाठी पुन्हा १ जून २०२२ रोजी सार्वमत घ्यावे लागले. जर्मनीत हे काम न्यायालयाने केले. ॲड्रियाटिक समुद्रातील नाकेबंदी, बोस्नियावरील टेहळणी विमाने आणि सोमालियातील पथके यांवरून उठलेल्या वादात १२ जुलै १९९४ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला की सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायचे तर बुंडेस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, संमती हवी. त्यामुळे २००६ मध्ये काँगोतील निवडणुकीसाठी युरोपीय संघाने पाठवलेल्या आणि पॉट्सडॅममधून चालवलेल्या मोहिमेलाही आधी बर्लिनमध्ये मतदानाला सामोरे जावे लागले. त्याच मोहिमेत सैनिक पाठवणाऱ्या फ्रान्समध्ये तेव्हा अशी कोणतीही अट नव्हती. तेथे जुलै २००८ च्या घटनादुरुस्तीने तीन दिवसांत संसदेला कळवणे आणि चार महिन्यांपुढे मोहीम लांबल्यास मान्यता घेणे बंधनकारक झाले. एकाच झेंड्याखाली, एकाच आदेशाने निघालेले सैनिक असे निरनिराळ्या अटींवर निघत, आणि मोहिमेचा एकत्रित हिशेब कोणत्याच सभागृहापुढे येत नसे.

दुसरी आडवाट कागदपत्रांची. डिसेंबर १९९८ मध्ये सेंट मालो येथे ब्रिटन आणि फ्रान्सने युरोपला स्वतःची लष्करी क्षमता हवी असे जाहीर केले, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये नाटोचे महासचिवपद सोडून आलेले हाव्हिएर सोलाना उच्च प्रतिनिधी झाले. नाटोशी गुप्त माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून मंत्रिपरिषदेने ऑगस्ट २००० मध्ये, म्हणजे सगळे ब्रुसेल्स सुटीवर असताना, कागदपत्रे पाहण्याच्या नियमांतून सुरक्षाविषयक दस्तऐवज वगळून टाकले. नेदरलँड्सने आणि खुद्द युरोपीय संसदेने न्यायालयात धाव घेतली. अखेर २० नोव्हेंबर २००२ च्या समझोत्याने तडजोड झाली. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आणि आणखी चार सदस्य अशा पाच जणांना संवेदनशील कागद दाखवले जातील, असे ठरले. शेकडो सदस्यांच्या सभागृहासाठी हे प्रमाण नगण्यच, पण बंद कपाटाला पडलेली ती पहिली फट होती.

लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी लागू झाला, तेव्हा संसदेच्या बाजूने बरेच काही बदलले असे सांगितले गेले. परराष्ट्र धोरणापुरते ते अर्धेच खरे होते. या धोरणात कायदे करता येणार नाहीत असे करारातच लिहिले आहे, आणि त्याचा एक परिणाम सहसा नजरेतून सुटतो. राष्ट्रीय संसदांना मसुदे पाठवण्याची आणि त्यांनी आठ आठवड्यांत हरकत घेण्याची जी यंत्रणा लिस्बनने उभारली, ती फक्त कायद्यांच्या मसुद्यांसाठी आहे, म्हणून परराष्ट्र धोरणाचे निर्णय तिच्यातून आपोआप बाहेर पडतात. शिवाय, या तरतुदींनी युरोपीय संसदेची भूमिका वाढत नाही, असे करारासोबतच्या चौदाव्या घोषणापत्रात मुद्दाम नमूद करण्यात आले.

संसदेने मात्र नव्या परराष्ट्र सेवेच्या स्थापनेत आपला हिशेब चुकता केला. तेव्हाच्या उच्च प्रतिनिधी कॅथरिन ॲश्टन यांच्या हाताखाली उभ्या राहायच्या या सेवेबाबत करारानुसार संसदेचा केवळ सल्ला घ्यायचा होता. परंतु सेवेतील नोकरांचे नियम आणि वित्तीय नियम बदलल्याशिवाय ती सुरूच होऊ शकत नव्हती, आणि ते बदल संसदेच्या संमतीवाचून होणार नव्हते. संसदेने तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. जून २०१० मध्ये माद्रिदमध्ये तडजोड झाली, ८ जुलै रोजी संसदेने मान्यता दिली आणि बदल्यात उच्च प्रतिनिधीकडून राजकीय उत्तरदायित्वाचे लेखी आश्वासन मिळवले. महत्त्वाच्या पदांवर जाणारे राजदूत रुजू होण्यापूर्वी परराष्ट्र समितीपुढे येतात, ती प्रथा यातूनच पडली. उच्च प्रतिनिधी हा आयोगाचा उपाध्यक्षही असल्याने त्याला नेमणुकीआधी समितीच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते आणि आयोगाबरोबर संसदेचे मतही मिळवावे लागते, हा लिस्बनने दिलेला दुसरा धागा.

या नव्या नात्याची कसोटी हिंदी महासागरात लागली. सोमालियाजवळील चाचेगिरीविरुद्ध संघाची ‘अटालांटा’ ही नौदल मोहीम डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली आणि लगेचच प्रश्न आला की पकडलेल्या माणसांवर खटले चालवायचे कुठे. (भारतीय नौदलाने २०११ मध्ये अरबी समुद्रात पकडलेल्या चाच्यांवरचे खटले मुंबईत चालले, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेही अगदी परका नाही.) संघाने मॉरिशसशी करार केला. मंत्रिपरिषदेचा निर्णय १२ जुलै २०११ रोजी झाला, १४ जुलैला सह्या झाल्या, पण करार युरोपीय संसदेकडे पोहोचला १७ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांनी आणि तो अधिकृत राजपत्रात छापून आल्यानंतरही १७ दिवसांनी. संसदेने न्यायालयात दोन मुद्दे मांडले. करार केवळ परराष्ट्र धोरणाचा नाही, म्हणून आमची संमती हवी होती, हा पहिला मुद्दा न्यायालयाने फेटाळला. दुसरा मुद्दा माहितीचा होता. वाटाघाटींच्या प्रत्येक टप्प्यावर संसदेला तात्काळ आणि पूर्ण माहिती दिली पाहिजे, ही करारातील अट परराष्ट्र धोरणालाही लागू आहे असे न्यायालयाने मान्य केले आणि २४ जून २०१४ रोजी मंत्रिपरिषदेचा निर्णय रद्द ठरवला. खटल्यांत अडथळा नको म्हणून त्याचे परिणाम तेवढे कायम ठेवले. टांझानियाबरोबरच्या अशाच कराराचा निर्णय १४ जून २०१६ रोजी पुन्हा रद्द झाला. ज्या धोरणात न्यायालयाला जवळपास मज्जाव आहे, तेथे ‘आम्हाला वेळेवर कळवले नाही’ ही वरवर कारकुनी वाटणारी तक्रार संसदेचे सर्वांत धारदार हत्यार ठरली.

दरम्यान वेस्टर्न युरोपियन युनियन बंद करण्याचा निर्णय ३१ मार्च २०१० रोजी जाहीर झाला आणि ३० जून २०११ रोजी ती संघटना, तिच्या सभेसह, संपली. राष्ट्रीय खासदारांचे ते जुने व्यासपीठ गेल्यावर त्या जागी काय यावे यावरून संसदांच्या सभापतींच्या बैठकांत वाद रंगला तो सदस्यसंख्येवरून. युरोपीय संसदेला मोठे शिष्टमंडळ हवे होते आणि राष्ट्रीय संसदांना ते आटोपशीर हवे होते. शेवटी प्रत्येक राष्ट्रीय संसदेचे ६ आणि युरोपीय संसदेचे १६ सदस्य असे ठरून सप्टेंबर २०१२ मध्ये सायप्रसमधील पाफोस येथे नवी आंतरसंसदीय परिषद पहिल्यांदा भरली. ती वर्षातून दोनदा भरते, उच्च प्रतिनिधीला ऐकते, प्रश्न विचारते आणि सर्वसंमतीने निष्कर्ष काढते, पण ते कोणावरही बंधनकारक नसतात. जुन्या सभेला निदान करारातील कलमाने अहवाल मागण्याचा हक्क होता; तोही या परिषदेला नाही.

युक्रेनवरील आक्रमणानंतर पैशाची जुनी रेषा पुन्हा उघडी पडली. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी संघाने पहिल्यांदा प्राणघातक शस्त्रांसाठी निधी दिला, तो २०२१ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय शांतता सुविधेतून. ही सुविधा अर्थसंकल्पाबाहेरची असून सुरुवातीला सुमारे ५ अब्ज युरोंची होती आणि पुढे १७ अब्ज युरोंवर गेली, तरी युरोपीय संसदेला तिच्यावर मत देता आलेले नाही. याउलट दारूगोळ्याच्या उत्पादनाला मदत करण्याचा २०२३ चा कायदा औद्योगिक धोरण म्हणून आला, म्हणून त्यात संसद बरोबरीची भागीदार होती. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने २००४ पासूनच्या आपल्या सुरक्षा व संरक्षण उपसमितीला पूर्ण समितीचा दर्जा देण्याचे ठरवले. पाठोपाठ २७ मे २०२५ रोजी मंत्रिपरिषदेने शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंच्या कर्जाची योजना मंजूर केली, तीही आणीबाणीच्या आर्थिक मदतीसाठी असलेल्या संघाच्या करारातील एकशे बाविसाव्या कलमाखाली, ज्यात संसदेला केवळ कळवायचे असते. योजनेला आपला विरोध नाही, तिच्यासाठी निवडलेल्या कलमाला आहे, अशी भूमिका घेऊन युरोपीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिपरिषदेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला.