फवारणीतील विषबाधा

पिकावर कीटकनाशक फवारताना किंवा त्याचे द्रावण कालवताना औषध अंगात भिनून होणारी विषबाधा. महाराष्ट्रात या प्रश्नाची मोठी चर्चा झाली ती २०१७ मध्ये. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. पराटी (कपाशीचे झाड) माणसाच्या उंचीची आणि दाट झाली होती. अशा पिकात नोझल (पंपाच्या नळीचे फवारा सोडणारे तोंड) छातीच्या वर धरावा लागतो आणि फवारा तोंडावर येतो. शिवाय अळीच्या धास्तीने एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती.

औषध फक्त नाकातोंडातून जाते, हा समज चुकीचा आहे. बराचसा अंश कातडीतून शिरतो. पंप गळका असेल तर घामाने भिजलेला सदरा तेच औषध तासन्‌तास पाठीला लावून ठेवतो. सगळ्यांत घातक वेळ फवारणीच्या आधीची असते: बाटलीतले मूळ औषध मोजणे आणि बादलीत हाताने ढवळणे. हे काम पुष्कळदा पाणी वाहणाऱ्या बायका करतात. सुरक्षा किट वाटताना त्यांची आठवण क्वचितच होते. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकणे आणि त्याच हाताने खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणे याही नेहमीच्या गोष्टी.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे मज्जातंतूंचे काम चालवणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधूक दिसणे आणि पुढे श्वास कोंडणे ही लक्षणे. यावर ॲट्रोपीन चालते, पण ते प्रत्येक कीटकनाशकावरचा उतारा नव्हे. म्हणून रोग्याबरोबर कीटकनाशकाचा डबा किंवा त्यातले माहितीपत्रक दवाखान्यात न्यावे. तत्पूर्वी भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे.

डब्यावरच्या चौकोनातील रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वाधिक, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळ्याऐवजी निळे-हिरवे औषध निवडता आले तर निम्मे काम तिथेच होते. ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा कोणी दोन तासही घालत नाही, हे किट वाटणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि गमबूट निदान अंगावर टिकतात. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी, वारा पाठीशी ठेवावा, आणि काठीने ढवळावे.

कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बसते. मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. मात्र लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला आहे. रोजाने पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर त्यात येत नाही.