शिट्टी वेगळी, फाटणं वेगळं

गाडीत वूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर, बसवून घेतलेला माणूस आठवड्याभरात तक्रार घेऊन परत येतो आणि म्हणतो, "खरखर येतेय." म्हणजे नेमकं काय, ते त्यालाही सांगता येत नाही. इंदूरच्या मिस्त्री लोकांकडे यासाठी दोन शब्द आहेत. 'सीटी मार रहा है' किंवा 'फट रहा है'. आपल्या 'खरखर'पेक्षा हे दोन शब्द कितीतरी कामाचे, कारण दुखणी दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

रामबागेतला माझा भाचा मागच्या महिन्यात गाडी घेऊन आला. चार चॅनलचा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरना चार वाटांनी ताकद देणारा डबा. दोन चॅनल दारांच्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिक्कीतल्या बारा इंची वूफरला. "मामा, अ‍ॅम्पच गेलाय, बदलूनच टाकू या." मी म्हटलं, आधी गाणं बंद कर, मग बोल.

पहिली परीक्षा एवढीच. गाणं थांबवा, स्टिरिओ चालू ठेवा, इंजिन सुरू करा आणि हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आवाज इंजिनाबरोबर चढत गेला, सोडल्यावर खाली आला, तर ती शिट्टी. ती विजेच्या वाटेने येते, गाण्याशी तिचा संबंध नाही. उलट गाणं थांबवताच सगळं शांत झालं आणि ढोलाच्या ठोक्यालाच आवाज चिरकला, तर ते फाटणं. तिथे दोष ताकदीच्या हिशेबात शोधायचा.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडते, कारण तिथे दोघांची तोंडं उलट दिशेला वळतात. इंजिन बंद केलं की शिट्टी जाते. फाटणं मात्र बरेचदा इंजिन बंद असतानाच वाढतं. इंजिन चालू असताना अ‍ॅम्पला 14 व्होल्टच्या आसपास मिळतात, नुसत्या बॅटरीवर साडेबारा. साध्या अ‍ॅम्पची ताकद तेवढ्यानेच पाचव्या हिश्श्याने घटते आणि तो आधीच दमतो. पार्किंगमध्ये मित्रांना ऐकवताना फाटणारा बास रस्त्यावर जरा सुधारतो, त्याचं कारण हेच.

मग लोकांची गल्लत कुठे होते? गेनच्या बटणाशी, म्हणजे आलेला सिग्नल अ‍ॅम्प किती वाढवणार ते ठरवणाऱ्या बटणाशी. गेन कमी केला की शिट्टीही दबते आणि फाटणंही. दोन्ही दुखणी एकाच बटणाने हलकी झाली की माणूस ठरवतो, दोष अ‍ॅम्पचाच. खरं तर शिट्टी बहुधा अ‍ॅम्पच्या आधीच तारेत शिरलेली असते. गेन फक्त तिला मोठी करतो.

शिट्टीचा उगम अल्टरनेटरमध्ये आहे. तो एसी वीज तयार करतो, आतले डायोड तिची डीसी करतात, पण थोडी थरथर उरते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती थरथर भरभर होते, म्हणून सूर चढतो. एरवी ती कुणाला ऐकू येत नाही. स्टिरिओचा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार, डॅशबोर्डमागे एका ठिकाणी आणि अ‍ॅम्पचा डिक्कीत दुसऱ्या ठिकाणी, त्यात एक सांधा कच्चा, की दोन्ही जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट आरसीए केबलच्या, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे गाणं नेणाऱ्या केबलच्या, जाळीतून वाट काढतो. त्या केबलमध्ये संगीतच मुळी दोन-चार व्होल्टचं. त्यात काही मिलिव्होल्टची घुसखोरी कानाला सहज कळते.

हे घरबसल्या पाहायचं असेल तर फोन ऑक्सला लावा आणि त्याच वेळी गाडीच्या सॉकेटवर चार्जिंगला लावा. बऱ्याच गाड्यांत शिट्टी सुरू होते. चार्जर काढला की गप्प.

आणखी एक खूण. वूफरचा वरचे सूर अडवणारा फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास असेल तर वूफर ही शिट्टी जवळजवळ वाजवूच शकत नाही, ती त्याच्या पट्टीच्या बरीच वर असते. भाच्याचीही दारांतूनच येत होती, आणि तो डिक्कीत डोकं घालून बसला होता.

शोधायची रीत: अ‍ॅम्पकडच्या बाजूने आरसीए काढा. तरीही शिट्टी राहिली तर अ‍ॅम्पची पॉवर किंवा अर्थ बघा. गेली तर नुसत्या बॅटरीवर चालणारा फोन थेट अ‍ॅम्पला जोडून बघा. तेव्हा शांत असेल तर भांडण स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांच्या अर्थमध्ये आहे. भाच्याच्या गाडीत अ‍ॅम्पचा अर्थ बोल्टखाली घट्ट आवळलेला होता, दिसायला एकदम झकास. बोल्ट काढला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. तार पत्र्याला कधी टेकलीच नव्हती, जो काही संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांतून. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत केली, तारेच्या टोकाला नवी लग, म्हणजे धातूची कडी, लावली, वरून गंज लागू नये म्हणून रंगाचा हात फिरवला. शिट्टी बंद. अर्थची तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. आणि सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये, त्याचं काम वेगळं आहे.

बाजारात यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते. शिट्टी जाते खरी, पण स्वस्त डबीतला चिमुकला ट्रान्सफॉर्मर खालचा बासही खातो. वूफरच्या वाटेत ती लावणं म्हणजे पोहे करून वरचा जिरावण मसाला आणि शेव काढून टाकण्यासारखं. इंदुरी माणसाने तरी असं करू नये.

आता फाटणं. इथे रोग डब्यावरच्या आकड्यापासून सुरू होतो. भाच्याच्या वूफरवर 1000 वॉट छापलेलं होतं. ती क्षणभराची कमाल. कामाचा आकडा आत बारीक अक्षरात: आरएमएस 250, म्हणजे सतत झेपणारी ताकद. अ‍ॅम्प ब्रिज करून 4 ओहमला (ओहम म्हणजे वूफरच्या अडथळ्याचं माप) 200 आरएमएस देतो. जोडी ठीकच आहे. पण "हजार वॉटचा वूफर इतका हळू का?" म्हणून त्याने गेन शेवटपर्यंत फिरवला होता. अ‍ॅम्पकडे द्यायला जेवढं आहे त्याच्या पुढे मागितलं की लाटेचे शेंडे कापले जातात आणि सपाट होतात. पूर्ण कापलेली चौकोनी लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद नेते. म्हणजे 200 चा अ‍ॅम्प 400 च्या जवळ ढकलू लागतो आणि वूफरमधली 250 ची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तापते. डिक्कीत वार्निश जळाल्यासारखा वास आला तर गाणं तिथेच थांबवा.

'छोटा अ‍ॅम्प वूफर जाळतो' असं सर्रास ऐकू येतं. अर्धवट खरं आहे. 60 वॉटचा अ‍ॅम्प कितीही फाटला तरी 250 च्या कॉइलचं सहसा काही बिघडवत नाही, फक्त कानांना त्रास. जाळते ती एकूण पोचलेली ताकद.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची भूक यांची सांगड घालायचं ते बटण आहे. जेल रोडवरून आणलेला साधा मल्टिमीटर पुरतो. वूफरची तार काढा, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर, 50 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 200 गुणिले 4 म्हणजे 800, वर्गमूळ 28.3. गेन शून्यापासून चढवत 28 व्होल्टला थांबलो. बटण अर्ध्याच्याही खाली होतं. भाच्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

ओहमही तपासून घ्या. दुहेरी कॉइलचा 4 अधिक 4 वूफर समांतर जोडला की 2 ओहम होतो, आणि चार चॅनलचे बहुतेक अ‍ॅम्प ब्रिजमध्ये 4 च्या खाली टिकत नाहीत; तापून प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात. तारही बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट अडवते, आणि ते व्होल्ट नेमके ठोक्याच्या क्षणी कमी पडतात.

संध्याकाळी एबी रोडवर एक फेरी मारली. शिट्टी नाही, फाटणं नाही. तरीही मागून एक खडखड येतच होती, प्रत्येक ठोक्याला. भाचा पुन्हा म्हणाला, "मामा, अ‍ॅम्प." उतरून नंबर प्लेटवर हात ठेवला, थांबली. मागे फोमची पट्टी चिकटवली.