लिबर्टेरियन म्हणजे गांजा ओढणारे रिपब्लिकन? अजिबात नाही!

हा जोक इतका जुना झालाय की लोकांना तो खराच वाटायला लागलाय, म्हणून थोडं सांगतो. लिबर्टेरियन म्हणजे अमेरिकेतले, सरकारने लोकांच्या पैशात आणि खासगी आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणारे लोक, आणि रिपब्लिकन म्हणजे तिथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एका पक्षाचे. लिबर्टेरियन पार्टी निघाली डिसेंबर १९७१ मध्ये, कोलोरॅडोत, आणि निघाली कोणावर चिडून? तर निक्सनवर, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षावरच! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने ९० दिवस पगार आणि किमती गोठवल्या होत्या, डॉलरचं सोन्याशी असलेलं नातंही तोडलं, आणि सरकारने भाव ठरवायचे म्हटल्यावर या मंडळींचं डोकंच फिरलं. पुढची मजा बघा, १९७२ ला व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन इलेक्टरने (म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी अंतिम मत देणाऱ्या प्रतिनिधीने) निक्सनला द्यायचं मत यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला, जॉन हॉस्पर्सला दिलं, आणि सोबत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन, म्हणजे इलेक्टोरल मत मिळालेली पहिली बाई या पार्टीची, हे कोणी सांगतच नाही.

लिबर्टेरियन टॅक्स कमी करा म्हणतात तेव्हा रिपब्लिकनांसारखे वाटतात, मान्य. पण सक्तीची सैन्यभरती नको, परदेशातली युद्धं नकोत, कोणी कोणाशी लग्न करावं यात सरकारने नाक खुपसू नये, इथे गाडी पार दुसरीकडे वळते. प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन स्वतःला रिपब्लिकन म्हणायचा, तोही ड्रग्जबंदीच्या विरोधात होता आणि गरिबांना सरकारने थेट पैसे द्यावेत असंही म्हणायचा, आता याला कुठल्या खोक्यात टाकणार?

आणि हो, मे २०२४ मध्ये ट्रम्प लिबर्टेरियन पार्टीच्या अधिवेशनात मतं मागायला गेला तेव्हा त्याची चांगलीच हुर्यो उडवली होती!