फ्रान्समधले १४ म्हणजे इटलीतले किती?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. पुण्यातून इंजिनिअरिंग झालंय तिचं, आता जर्मनीत मास्टर्सला अर्ज करतेय. "मामा, माझा सीजीपीए ८.१ आहे, तो जर्मन ग्रेडमध्ये १.९५ होतोय. हे बरोबर आहे की माझं नुकसान होतंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जर्मनीत आकडा उलटा चालतो. १.० सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले मार्क तिकडच्या आकड्यात बदलायला जो फॉर्म्युला वापरतात त्याला मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात आणि जर्मनीच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच मराठी पोरांना तो तोंडपाठ असतो. जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगचे मार्क यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. भाचीचं १० वजा ८.१ म्हणजे १.९, भागिले १० वजा ४ म्हणजे ६, गुणिले ३, अधिक १, आले १.९५. हिशोब बरोबरच आहे. पण तिचा खरा प्रश्न "हे न्याय्य आहे का" असा होता, आणि युरोपातली विद्यापीठं नेमक्या याच प्रश्नाशी १९८७ पासून झुंजताहेत.

१९८७ मध्ये इरॅस्मस ही विद्यार्थी देवाणघेवाणीची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थी. आता २०२१ ते २०२७ या काळासाठी तिचं बजेट २६ अब्ज युरोंच्या वर आहे. योजना थोडक्यात अशी की तुम्ही इटलीतल्या बोलोन्याला शिकत असाल तर एक सेमिस्टर किंवा वर्षभर फ्रान्समधल्या लिऑनला जायचं, तिथं परीक्षा द्यायची, आणि परत आल्यावर ते शिक्षण बोलोन्याच्या डिग्रीत धरलं जायचं. फी आपल्याच विद्यापीठात भरायची, वर थोडी स्कॉलरशिप.

हे "परत आल्यावर धरलं जायचं" वाचायला सोपं वाटतं पण सगळी मेख तिथंच आहे. सोफिया कोर्राडी नावाची एक इटालियन मुलगी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचं मास्टर्स करून रोमला परत आली आणि तिच्या विद्यापीठानं ते शिक्षण मोजायला चक्क नकार दिला, जणू ती वर्षभर भटकून आली होती. ती गोष्ट तिच्या इतकी जिव्हारी लागली की पुढे प्राध्यापक झाल्यावर तिनं बाहेरच्या शिक्षणाला मान्यता मिळावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. युरोपात तिला 'मम्मा इरॅस्मस' म्हणूनच ओळखतात.

आता मुद्द्यावर येतो. देवाणघेवाणीनं युरोपातल्या उच्च शिक्षणाचा दर्जा वाढला का? नेहमीचं उत्तर असं की पोरं बाहेर जातात, नवी भाषा, नवे मित्र, स्वतःचं स्वतः बघायची सवय, त्यातून हुशार होऊन येतात, चांगल्या नोकऱ्या लागतात, म्हणजे दर्जा वाढला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. बाहेर जाऊन आलेल्यांत बेरोजगारी कमी असते हे खरं आहे, पण जातात कोण? ज्यांचे मार्क बरे आहेत, ज्यांना दुसरी भाषा येते, ज्यांच्या घरचे स्कॉलरशिपवर आणखी पैसे घालू शकतात. ही मुलं कुठंही न जाता घरी बसली असती तरी त्यांना नोकरी लवकर लागलीच असती. संख्याशास्त्रात याला सिलेक्शन बायस म्हणतात. जिममध्ये जाणारे तब्येतीनं चांगले दिसतात, पण मुळात तब्येत बरी असलेलेच जिममध्ये जात असतील तर जिमचा वाटा किती?

यातून वाट काढायची एक सुंदर युक्ती मथियास पॅरे आणि फॅबियन वाल्डिंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वापरली. इरॅस्मसच्या जागा जर्मनीतल्या सगळ्या डिपार्टमेंटना एकदम मिळाल्या नाहीत, कुठं आधी, कुठं नंतर, कुठं जास्त, कुठं कमी. तुमच्या डिपार्टमेंटला तुमच्या वेळी किती जागा होत्या हे काही तुमच्या हुशारीवर ठरत नाही, ते नशिबासारखं आहे. मग फक्त या जागांच्या चढउतारामुळे जे गेले त्यांच्यावर काय परिणाम झाला हे वेगळं काढता येतं. उत्तर आलं की शिकताना परदेशी गेलेल्यांची पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता सुमारे १५ टक्के अंशांनी वाढते. परिणाम खरा आहे आणि मोठा आहे, पण तो माणसं कुठं जातात याबद्दल सांगतो. वर्गातलं शिकवणं सुधारलं का हे त्यातून कळत नाही.

(आणि नशिबाचा विषय निघालाच आहे तर, पत्रिकेत परदेशगमनाचा योग बघून खडे विकणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. परदेशी जाणं हे जागा, स्कॉलरशिप आणि भाषा यांवर ठरतं हे मोजून दाखवता येतं, ग्रहांचं तसं काहीही नाही.)

माझं म्हणणं असं की दर्जावर खरा परिणाम न गेलेल्या मुलांच्या वर्गात झालाय. कसा ते सांगतो.

बोलोन्याचा प्राध्यापक लिऑनचा पेपर मान्य करणार कशाच्या जोरावर? त्याला कळायला हवं की तिथं काय शिकवलं, किती शिकवलं आणि मिळालेल्या मार्कांचा अर्थ काय. "किती" साठी १९८९ मध्ये क्रेडिटची पद्धत आली, सुरुवातीला १४५ संस्था आणि पाच विषय घेऊन. वर्षाला ६० क्रेडिट, आणि आता एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास काम. लक्षात घ्या, विद्यार्थ्याचे तास, सरांच्या लेक्चरचे नाहीत. वाचन, प्रॅक्टिकल, परीक्षेची तयारी सगळं धरून. म्हणजे प्रत्येक मास्तराला पहिल्यांदा बसून हिशोब करावा लागला की माझा विषय शिकायला पोराला खरंच किती वेळ लागतो. "काय" साठी प्रत्येक कोर्सचा कॅटलॉग लिहावा लागला, कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते स्पष्ट शब्दांत. पूर्वी हे सरांच्या डोक्यात असायचं आणि सर रिटायर झाले की त्यांच्याबरोबर जायचं.

त्यात १९९७ चा लिस्बन करार आला आणि त्यानं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. बाहेरचं शिक्षण नाकारायचं असेल तर मोठा फरक आहे हे विद्यापीठानं सिद्ध करायचं, विद्यार्थ्यानं सारखेपणा सिद्ध करत फिरायचं नाही. १९५८ मध्ये हा नियम असता तर कोर्राडीला एवढा मनस्ताप झालाच नसता.

राहिला प्रश्न मार्कांचा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण मला ही भानगड फार आवडते.

फ्रान्समध्ये २० पैकी मार्क असतात, पास १० ला. इटलीत ३० पैकी, पास १८ ला, आणि अगदी उत्तम असेल तर ३० ला वर 'लोदे' म्हणजे शाबासकी. आता भाचीचा तो बव्हेरियन विचार इथं लावा. फ्रान्समध्ये एका मुलीला १४ मिळाले. १० ते २० या पट्ट्यात १४ म्हणजे ४० टक्के उंचीवर. इटलीत १८ ते ३० हा पट्टा १२ चा, त्याचे ४० टक्के ४.८, म्हणजे २२.८, चला २३ देऊ. पण फ्रान्समध्ये १४ ला 'चांगला' असा शेरा असतो, १६ च्या वर 'फार चांगला', आणि २० जवळपास कुणालाच मिळत नाहीत. इटलीत मात्र ३० रोज कुणाला तरी मिळतात, २३ घेऊन आलेल्या मुलीकडे घरचे काळजीनं बघतात. म्हणजे पट्टीची लांबी सारखी करून भागत नाही, पट्टीच्या कुठल्या भागात किती माणसं उभी आहेत हे बघावं लागतं. आपल्याकडे सीईटी आणि जेईईनं पर्सेंटाइल घराघरात पोचवलंय त्यामुळे मराठी वाचकाला हे पटकन कळेल.

युरोपनं आधी एक सरळ उपाय केला. पास झालेल्यांतले वरचे १० टक्के ए, पुढचे २५ बी, मग ३० सी, २५ डी आणि शेवटचे १० ई. डेन्मार्कनं तर आपली जुनी पद्धत मोडून २००७ मध्ये विद्यापीठांत याच्याशी जुळणारी नवी आणली, १२, १०, ७, ४ आणि ०२, खाली नापासाचे ०० आणि उणे ३. (०२ असं लिहायचं कारण, नुसत्या २ च्या आधी १ लिहून कुणी १२ करू नये.) त्यांच्या जुन्या पद्धतीत सगळ्यात वरचा १३ अगदी अपवादात्मक कामासाठी राखून ठेवलेला असायचा, त्यामुळे उत्तम विद्यार्थीसुद्धा बाहेरच्या देशात गेला की "पैकीच्या पैकी का नाहीत" असा प्रश्न यायचा. एका देशानं आपले मार्कच बदलले, आणि त्यामागं आपल्या पोरांचे मार्क बाहेर नीट वाचले जावेत हे एक मोठं कारण होतं. मला हे विलक्षण वाटतं.

पण ए-बी-सी चाललं नाही. इटलीतल्या एखाद्या डिपार्टमेंटमध्ये जर २० टक्के पोरांना ३० मिळत असतील तर त्यातले ए वाले १० टक्के निवडणार कसे? सगळ्यांचे मार्क सारखेच. आणि आठ जणांच्या वर्गात १० टक्के म्हणजे एक पूर्ण माणूससुद्धा नाही. मग २००९ मध्ये ती अक्षरं काढून टाकली आणि नवा नियम आला, अक्षरं देऊ नका, नुसता तक्ता द्या, की तुमच्याकडे पास झालेल्यांत कुठला मार्क किती टक्के पोरांना मिळतो.

समजा, फ्रेंच तक्ता असा आहे, १६ च्या वर ५ टक्के, १४ ते १६ मध्ये १५ टक्के, १२ ते १४ मध्ये ३५, आणि १० ते १२ मध्ये ४५. आणि इटालियन असा, ३० किंवा लोदे २० टक्के, २८-२९ ला २५, २५ ते २७ ला ३०, त्याखाली २५. आता १४ वाली मुलगी वरून ५ ते २० टक्क्यांच्या मध्ये उभी आहे. इटलीत वरचे २० टक्के सगळे ३० वाले. म्हणजे तिला ३० मिळायला हवेत. पहिल्या पद्धतीनं २३, या पद्धतीनं ३०, मुलगी तीच, पेपर तोच.

उलटं करून बघा, इटलीहून ३० घेऊन आलेला मुलगा फ्रान्समध्ये कुठं बसवायचा? त्याचा पट्टा ० ते २० टक्के, त्यात फ्रान्सचे दोन पट्टे येतात, एक चतुर्थांश भाग १६ च्या वरचा आणि तीन चतुर्थांश १४-१६ चा. वरचा द्यायचा, मधला द्यायचा की खालचा? हे प्रत्येक विद्यापीठानं आधी ठरवून सगळ्यांना सारखं लावायचं असतं, मुलगा समोर आल्यावर ठरवायचं नाही. आणि याच्याही खाली आणखी एक खोल अडचण आहे, की पर्सेंटाइल हे गृहीत धरतं की दोन्हीकडची पोरं सरासरीनं सारखीच हुशार आहेत, जे खरं असेलच असं नाही. माझ्या मते याचं औषध खुद्द ही ये-जा करणारी पोरंच आहेत. कारण तेवढीच दोन्हीकडे परीक्षा देतात. दोन थर्मामीटर जुळवायचे तर ते एकाच पाण्यात बुडवावे लागतात, तसे हे विद्यार्थी म्हणजे ते पाणी. अर्थात पाणीही अगदी शुद्ध नाही, निवडून गेलेली पोरं, परकी भाषा, पहिलंच सेमिस्टर, म्हणजे सिलेक्शन बायस परत दारात हजर.

पण या तक्त्यानं आणखी एक गोष्ट होते. ज्या डिपार्टमेंटमध्ये निम्म्याहून जास्त पोरांना सर्वोच्च मार्क मिळतात ते आता कागदावर दिसतं, शेजारच्या देशातल्या प्राध्यापकाला दिसतं आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही दिसतं. दर्जा वाढायची सुरुवात ही अशी होते. याच रस्त्यावर त्याआधी १९९९ मध्ये उच्च शिक्षणाच्या पद्धती एकमेकांशी जुळवण्याचा २९ देशांचा बोलोन्या जाहीरनामा झाला होता, आणि २००५ मध्ये गुणवत्ता तपासायची युरोपभरची सामायिक मानकं ठरली होती.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २०२० पर्यंत २० टक्के पदवीधर तरी बाहेर शिकून आलेले असावेत हे उद्दिष्ट गाठता आलं नाही, आणि स्कॉलरशिपमध्ये सगळा खर्च भागत नाही म्हणून गरीब घरची पोरं अजून मागेच राहतात. पाहुण्यांसाठी इंग्रजीत कोर्स काढता काढता नेदरलँड्समध्ये डच भाषेचं काय होणार यावर मोठा वाद पेटलाय, आणि तो वाद मला रास्त वाटतो. आणि क्यूएससारख्या जगभरातल्या विद्यापीठांच्या रँकिंगमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला ५ टक्के वजन असतं, तो आकडा दाखवून कन्सल्टन्सीवाले "दर्जेदार" म्हणून विकतात. परदेशी चेहरे मोजून शिकवणं कसं आहे ते कळत नाही हो, पालकांनी या जाहिरातींना भुलू नये.

आपल्याकडेही २०२१ पासून विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँक आली आहे. भाचीच्या मार्कशीटवर प्रत्येक विषयाचे क्रेडिट व्यवस्थित छापलेत. कुठला ग्रेड किती जणांना मिळाला याचा तक्ता मात्र कुठंच नाही. मी तिला म्हटलं कॉलेजमध्ये जाऊन माग. ती गेली, परीक्षा विभागात दोन तास थांबली, "असं काही आम्ही देत नाही" एवढं ऐकून परत आली.

मग तिनं बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना सीजीपीए विचारले. चार दिवस लागले, ६४ जणांचे मिळाले, तिच्या वर आठ जण. फॉर्ममध्ये १.९५ च भरावं लागलं, पण सोबतच्या पत्रात तिनं एक ओळ घातली आहे, ६४ जणांत नववी.