पोटातल्या जंतूंची उसनवारी

‘त्या गोळीची माझ्या शरीराला सवय झाली आहे, म्हणून ती आता लागू पडत नाही,’ हे वाक्य जुलाब-तापाच्या दिवसांत घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात औषधाला दाद न देण्याचा गुण रुग्णाच्या शरीरात नव्हे, तर जिवाणूत आलेला असतो. म्हणूनच आयुष्यात एकही प्रतिजैविक न घेतलेल्या बालकालाही पहिल्याच आजारपणात असा जंतू गाठू शकतो.

हा गुण येतो कुठून? उत्परिवर्तन, म्हणजे जंतूच्या डीएनएत आपोआप होणारा बदल, हे शाळेतले उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. १९५५ साली हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका स्त्रीच्या शौचातून आमांशाचा असा शिगेला जंतू मिळाला, की ज्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन यांपैकी एकही औषध चालत नव्हते. एका औषधाविरुद्धचे उत्परिवर्तन दहा लाख जंतूंत एकदा घडते असे धरले, तर चारही एकाच जंतूत एकाच वेळी जमून येण्याचा योग एकावर चोवीस शून्यांत एकदा येईल. तरीही असे जंतू जपानमध्ये वाढतच गेले. १९५९ साली ओचियाई आणि आकिबा या जपानी संशोधकांच्या गटांनी स्वतंत्रपणे याचा उलगडा केला: आतड्यात एरवी राहणारा ई. कोलाय हा जिवाणू आणि शिगेला एकत्र वाढवले, की चारही औषधांचा प्रतिकार एकगठ्ठा एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

हा गठ्ठा म्हणजे प्लास्मिड, म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळे असे डीएनएचे छोटे कडे. देणारा जिवाणू केसासारखा एक धागा बाहेर टाकून शेजाऱ्याला जवळ ओढतो आणि दोघांमध्ये वाट तयार होते. मग एक विकर (एन्झाइम) कड्याच्या दुहेरी पेडांपैकी एकच पेड, तोही ठरलेल्या जागीच कापते, कापलेल्या टोकाला स्वतः चिकटून राहते आणि तो पेड उलगडत पलीकडे जातो. मागे राहिलेल्या पेडावर देणारा नवा जोडपेड विणतो, आलेल्या पेडावर घेणाराही विणतो, आणि काही मिनिटांत दोघांकडेही पूर्ण कडे असते. शेजारणीला वाटीभर साखर उसनी दिली तर आपला डबा तेवढा रिकामा होतो. इथे देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. शिवाय तो धागा बनवण्याची जनुकेही त्याच कड्यावर असल्यामुळे घेणारा लगेच देणारा होतो.

म्हणून विषाणूमुळे झालेल्या सर्दीसाठी मेडिकलवाल्याने पट्टीतून कापून दिलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्याही निरुपद्रवी ठरत नाहीत: त्या सर्दीच्या विषाणूला काहीच करत नाहीत, पण आतड्यातल्या ई. कोलायपैकी प्रतिकारक तेवढे मागे ठेवतात, आणि पुढे येणाऱ्या रोगजंतूला उसने देणारे तेच असतात. ‘पोट शुद्ध’ करण्याचा दावा करणारी चूर्णे जंतूंतले प्लास्मिड वेचून बाहेर काढतात, यावर कोणी विश्वास ठेवू नये.

२०१६ साली सिंधमधल्या हैदराबादेत पसरलेल्या विषमज्वराच्या जंतूचे असेच झाले. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल यांना तो आधीच दाद देत नव्हता. सेफ्ट्रिआक्सोन हे औषध निकामी करणारे जनुक त्याला प्लास्मिडवरून मिळाले, आणि ई. कोलायमध्ये सापडलेल्या एका प्लास्मिडशी त्याचे जवळचे साम्य दिसले. अशा जंतूची प्रयोगशाळेतली तबकडी पाहिली की स्थिती डोळ्यांसमोर येते. औषधात भिजवलेल्या कागदी चकत्यांभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसायला हवे. इथे बहुतेक चकत्यांना जंतूंची साय अगदी कडेपर्यंत भिडलेली असते. तोंडाने घेण्याजोग्या औषधांपैकी अझिथ्रोमायसिन एवढेच भरवशाचे उरले होते.

लस मात्र प्लास्मिडला बधत नाही, कारण ती जंतूच्या बाहेरच्या आवरणाची ओळख शरीराला करून देते. तेलंगणातल्या हैदराबादेत बनलेली विषमज्वराची संयुग्म लस (आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने मुलांना दिली, आणि त्याच वर्षी सिंधमधल्या हैदराबादेतही ती मुलांना देण्यात आली.