पुस्तक सुचवण्याची परंपरा: फोटियसपासून ऑनलाइन शिफारशींपर्यंत

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमधल्या फोटियस या विद्वानानं तारासियस या आपल्या भावासाठी वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी लिहून काढल्या. भाऊ हजर नसताना वाचनाच्या बैठकीत कोणती पुस्तकं झाली आणि त्यांत काय होतं, हे त्याला कळावं एवढाच हेतू. नोंदी सुमारे 280. काही दोन-चार ओळींच्या, काही पानंच्या पानं चालणाऱ्या. लेखक कोण, विषय काय, भाषा सुबोध की बोजड, हे तो सांगतो आणि महत्त्वाचं वाटेल तिथं भरपूर मजकूर उतरवून देतो. क्टीसियस या ग्रीक वैद्यानं भारताविषयी लिहिलेला ग्रंथ पुढे नष्ट झाला. त्यात काय होतं, हे आज प्रामुख्यानं फोटियसच्या सारांशावरूनच कळतं. निव्वळ ‘आवडलं’ असा शेरा मारून तो थांबला असता, तर हेही हाती लागलं नसतं.

छपाई आल्यावर प्रश्न बदलला. पुस्तकं इतकी निघू लागली की कोणतं निघालंय हेच कळेना. 1564 मध्ये गेऑर्ग विलर या पुस्तकविक्रेत्यानं फ्रँकफुर्टच्या जत्रेत येणाऱ्या पुस्तकांची छापील यादी काढली. अशा याद्यांमुळे नाव कळे, पुस्तकाची योग्यता कळत नसे. शिवाय जाहीर झालेलं पुस्तक प्रत्यक्षात छापलं जाईलच याचीही खात्री नसे.

ही उणीव भरून काढायला 5 जानेवारी 1665 रोजी पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे साव्हाँ’ हे साप्ताहिक निघालं. पहिला अंक 12 पानांचा. नवी पुस्तकं कशाबद्दल आहेत आणि कुणाच्या उपयोगी पडतील हे सांगायचं, सोबत नामवंतांच्या निधनाच्या वार्ता आणि नवे शोध द्यायचे, अशी संपादक दनी द सालो यांची आखणी होती. आजही वाचकांच्या गटात साहित्यवार्ता याच साच्यात फिरतात. पण सालो स्पष्ट मतंही देत. लेखक दुखावले, धर्मसत्तेची नाराजी ओढवली आणि 13 अंकांनंतर प्रकाशन थांबलं. 1666 मध्ये ते नव्या संपादकाच्या हाती पुन्हा सुरू झालं तेव्हा भर सारांशावर होता, मतं जपून दिली जात. सारांश किती आणि मत किती, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

लंडनमध्ये 1749 साली राल्फ ग्रिफिथ्सनं ‘मंथली रिव्ह्यू’ काढलं. तो स्वतः पुस्तकविक्रेता, आणि परीक्षणं निनावी. साहजिकच शंका येई की स्तुती करणारा वाचक आहे की माल खपवणारा. कोणतं परीक्षण कुणाचं, याच्या खुणा ग्रिफिथ्सनं आपल्या खाजगी प्रतींवर करून ठेवल्या होत्या. त्या प्रती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, म्हणून अभ्यासकांना लेखकांची नावं लावता आली. त्या काळच्या वाचकाला मात्र हे कळायला मार्ग नव्हता. माझ्या मते शिफारशीतली सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक खोट हीच. 2004 मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक बिघाडामुळे निनावी परीक्षकांची खरी नावं काही काळ उघडी पडली, तेव्हा काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांची भलामण केल्याचं दिसलं.

1802 च्या ‘एडिंबरा रिव्ह्यू’नं सगळ्याच पुस्तकांची दखल घेणं सोडून मोजकी निवडली आणि त्यांवर विस्तारानं लिहिलं. 1895 मध्ये अमेरिकेतल्या ‘बुकमन’ मासिकानं खपाच्या याद्या सुरू केल्या. 1926 मध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ आला, त्यात परीक्षकमंडळ दरमहा एक पुस्तक निवडे.

ग्रंथपालांची वाट वेगळी. सिएटलच्या नॅन्सी पर्ल यांनी वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो असं मांडलं: कथा, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कामाला येणारी अशी ही मांडणी आहे. समोरच्याला ‘कोणता विषय आवडतो’ असं विचारण्याऐवजी ‘मागचं आवडलेलं पुस्तक कशामुळे आवडलं’ असं विचारा, दार लगेच कळतं. पात्रांसाठी वाचणाऱ्याला निव्वळ वेगवान कथानक दिलं तर तो पन्नास पानांत पुस्तक मिटतो.

यंत्राच्या शिफारशीला हे दार दिसत नाही. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच ग्राहकानं घेतलेल्या वस्तूंच्या जोड्या जुळवल्या जातात. भेट म्हणून घेतलेलं पुस्तकही त्यात तुमची आवड म्हणून जमा होऊ शकतं, खपणाऱ्या पुस्तकांना झुकतं माप मिळतं, आणि कुणीच न घेतलेल्या नव्या पुस्तकाची जोडी लागत नाही. अशा पुस्तकाला पहिला वाचकच लागतो. त्यानं लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष लिहावं, कारण एकाच ग्रंथाचे दोन अनुवाद अगदी वेगळे निघतात. चार-पाच ओळींचा उतारा द्यावा, किती वाचून झालंय ते सांगावं. आणि प्रत लेखकाकडून किंवा प्रकाशकाकडून भेट आली असेल, तर ते पहिल्याच ओळीत नमूद करावं.