‘कमकुवत’ युक्तिवाद: एक शब्द, तीन परीक्षा

न्यायसूत्रांत हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातले दोष, पाच; ॲरिस्टॉटलच्या यादीत तेरा. परीक्षार्थीला त्यांची नावं पाठ नसली तरी चालतं. त्याचं खरं गणित बदललं ते २०११ नंतर.

त्या वर्षी केंद्रीय नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेत तर्क आणि आकलन तपासणारा दुसरा पेपर (सीसॅट) आला: ८० प्रश्न, २०० गुण. २०१४ मध्ये त्यावरून आंदोलन पेटलं आणि २०१५ पासून तो निव्वळ पात्रतेचा झाला. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. हा पेपर इंग्रजी माध्यमवाल्यांना झुकतं माप देतो, ही हिंदी माध्यमाच्या मुलांची तक्रार रास्तच होती. पण त्यानंतर तर्काचा अभ्यास ‘निघण्यापुरता’ उरला. उलट राष्ट्रीय विधी प्रवेश परीक्षा (क्लॅट) २०२० पासून उताऱ्यांवर गेली. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे उतारा वाचण्यासकट प्रश्नाला एक मिनिट. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांना हा पेपर इंग्रजीतच द्यावा लागतो, हे वेगळंच.

इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासांत नागरी सेवा, विधी प्रवेश आणि बँक या तिन्ही तयाऱ्या शेजारी-शेजारी चालतात आणि ‘कमकुवत’ शब्दाचा घोळ तिथेच होतो. बँकेच्या पेपरात कमकुवत म्हणजे क्षुल्लक, किंवा मूळ प्रश्नाशी थेट संबंध नसलेला मुद्दा. विधी प्रवेशात ‘युक्तिवाद कमकुवत करा’ म्हटलं की पर्यायातली नवी माहिती खरी धरून तिच्यामुळे निष्कर्ष किती ढिला पडतो ते पाहायचं. ‘दोष सांगा’ म्हटलं तर नवी माहिती आणायचीच नाही. चूक दिलेल्या मजकुरातच असते. बँकेची सवय लागलेला मुलगा इथे विधानं खरी की खोटी यावर वाद घालत बसतो. विधानं खरीच धरायची. तपासायची ती त्यांच्यापासून निष्कर्षापर्यंतची उडी.

उदाहरणार्थ: ‘सराफ्यात गर्दी असली की राजवाड्यापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही. आज जागा मिळाली नाही. म्हणजे सराफ्यात गर्दी आहे.’ जागा मिरवणुकीमुळेही गेली असेल. ‘आज मिरवणूक होती’ हा कमकुवत करणारा पर्याय. ‘एक कारण पुरेसं आहे म्हणून तेच एकमेव धरलं’ हा दोष सांगणारा. दोन्ही एकाच प्रश्नाखाली देऊन मुलांना हमखास चकवलं जातं.

त्याहून फसवा पर्याय म्हणजे ‘मोजक्या उदाहरणांवरून सरसकट नियम काढला’. दोष म्हणून तो खराच, पण या मजकुरात तो घडलेलाच नाही. म्हणून आधी निष्कर्षाखाली रेघ, मग कारणांना आकडे, आणि पर्यायातल्या प्रत्येक शब्दासाठी मजकुरातली जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. ती सापडली नाही, तर पर्याय तिथेच खोडायचा.